वाकड्या बोळातली तार

मी हडपसरच्या मळ्यातला. माझ्या लहानपणी आमच्याकडे रस्ता म्हणजे उसाच्या दोन फडांमधली सरळ पट्टी. या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाकडून येणारी सायकल दिसायची आणि तिच्या डगमगण्यावरून वर कोण बसलंय तेही कळायचं. असा मी टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागलो आणि खात्यानं मला टाकलं ते थेट कसबा पेठेत.

पहिल्याच आठवड्यात एका बंद फोनची तक्रार घेऊन निघालो. एका बोळात शिरलो. बोळ डावीकडे वळला, अरुंद झाला, मग अंधारला आणि शेवटी एक दार आलं. बोळाचंच फाटक असेल म्हणून मी ते ढकललं, तर समोर एक कुटुंब पाटावर बसून जेवत होतं. मी खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. घरच्या यजमानांनी भात कालवता कालवता मान वर केली.

"पलीकडच्या आळीत जायचंय ना? मोरीच्या डाव्या अंगानं जा. आणि दार लोटून घ्या, मांजर येतं."

नंतर कळलं, तो खरोखरीचाच रस्ता होता. अर्धी पेठ त्यांच्या घरातून ये-जा करत होती आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

तेव्हाच्या त्या रस्त्यांबद्दल आता कुणाला सांगायला गेलं तर पटत नाही. आधी रस्ता आखायचा आणि मग त्याच्या कडेला घरं बांधायची, ही रीत तिथं कुणाला ठाऊकच नव्हती. घरं आधी झाली. त्यांच्यामधून जे उरलं त्याला लोक रस्ता म्हणाले. कुणाची पायरी पुढं, कुणाचा ओटा त्याच्याही पुढं. वरचे मजले खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळं समोरासमोरच्या गॅलऱ्या कानात काही सांगायला वाकल्यासारख्या. कोपऱ्याकोपऱ्यावर भिंतीला टेकवून गोल घासलेले दगड, कधीकाळी बैलगाडीचं चाक घराला लागू नये म्हणून रोवलेले. माझ्या काळात त्यांच्यावर म्हातारी माणसं बसायची आणि स्कूटरवाल्यांना चुका सांगायची. खाली तांबट ठोकत असत, वर कुणी कपडे वाळत घालत असे आणि फरशीवर ऊन यायचं ते फक्त भर दुपारी, तेही हजेरी लावून गेल्यासारखं.

माझे वरिष्ठ जोडीदार गफूरभाई. पेठेतला बोळ न् बोळ त्यांच्या पायाखालचा. त्यांनी मला रस्त्यांची प्रतवारी शिकवली. "हा सायकलचा बोळ. हा हातगाडीचा. आणि हा छत्रीचा, म्हणजे छत्री उघडली की अडकणारा. शेलार, छत्रीच्या बोळात शिडी उभी नेऊ नका, आडवी न्या. नाहीतर तुम्ही बाहेर आणि शिडी आत राहील."

आमचं काम कसं चालायचं ते थोडक्यात सांगतो. एक्स्चेंजमधून जाड केबल जमिनीखालून निघते आणि रस्त्यातल्या मोठ्या पेट्यांमधून फुटत फुटत बोळाच्या तोंडाशी भिंतीवरच्या एका लहान डब्यात येते. त्या डब्याला आम्ही डीपी म्हणतो. तिथून प्रत्येक घरापर्यंत एक काळी वायर न्यायची. मोकळ्या भागात खांबावरून खांबावर न्यावी, झालं. पण कसब्यात खांब रोवायला जागा कुठली? खांब रोवला तर हातगाडी अडली. खणावं तर फरशीखाली गटार आणि नळ. म्हणून वायर न्यायची ती घरावरून घरावर, म्हणजे माणसांवरून माणसांवर. कुणाच्या खिडकीला खिळा, कुणाच्या वाशाला हूक. तांत्रिक काम थोडं आणि विनवण्या फार.

तरी त्या कामासारखं सुख नव्हतं. नव्वदच्या दशकात एकदम फोन मिळू लागले. वर्षानुवर्षं वाट पाहिलेल्या घरात आम्ही काळं भेंडोळं घेऊन शिरलो की सुइणीसारखं स्वागत व्हायचं. चहा, पोहे, पेढे. एका आजोबांनी तर फोन सुरू झाल्यावर समोरच्या घरातल्या मित्राला फोन लावला. दोघं आपापल्या खिडकीत उभे, एकमेकांकडे बघत फोनवर विचारतायत, "कसा आहेस?"

सगळ्यात लक्षात राहिली ती वर्षा कुलकर्णीची तार.

लोक ज्याला वाकडा बोळ म्हणत, त्याच्या मधल्या वळणाशी, डाव्या हाताला वर्षाचं घर. वडील एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. छापखान्यात कॉम्प्युटर आला आणि वडील घरी आले. आई आधीच गेलेली. पोरगी मोठी जिद्दीची. वडिलांना घरी बसवणारा तोच कॉम्प्युटर तिनं शिकून घेतला. अमेरिकेतले डॉक्टर रोग्याला तपासून झालं की जे बोलून ठेवतात, ते ऐकून टाइप करून पाठवायचं, असं एक काम तेव्हा पुण्यात नवीन आलं होतं. एका कंपनीनं तिची परीक्षा घेतली आणि घरून काम द्यायचं कबूल केलं. अट एकच, सोमवारपर्यंत घरी टेलिफोन. नाहीतर जागा दुसऱ्याला.

आमच्या हातात काम पडलं तो दिवस शुक्रवार.

"काका, ते रेकॉर्डिंग फोनच्या तारेतून येतं," वर्षा मला समजावून सांगत होती. "तार नसेल तर डॉक्टर तिकडं बोलत राहतील आणि इकडं ऐकायला मी नसेन."

डीपी बोळाच्या तोंडाशी, उजव्या बाजूला. उजव्या बाजूनं घराघरांवरून तार मध्यापर्यंत न्यायची आणि नाना वैद्यांच्या गॅलरीपासून सरळ बोळ ओलांडून वर्षाच्या वरच्या खिडकीत द्यायची, असा गफूरभाईंचा बेत. पहिल्या चार घरांनी खळखळ न करता परवानगी दिली. एका बाईंनी फक्त एवढंच सांगितलं, की तार तुळशीच्या कुंडीवरून नको आणि पापडांवरून तर मुळीच नको. दुपारपर्यंत आम्ही नानांच्या गॅलरीत पोचलो.

नाना साठी ओलांडलेले, बँकेतून निवृत्त, एकटे. अंगात स्वच्छ बंडी, हातात अडकित्ता. आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तार माझ्या भिंतीवरून न्या. घरातून न्या. हवी तर माझ्या डोक्यावरून न्या. पण बोळ ओलांडून न्यायची नाही."

"का हो नाना?" मी विचारलं.

"वर बघा."

मी वर पाहिलं. दोन्हीकडच्या छपरांच्या मधे निळी पट्टी होती, वाळत टाकलेल्या उपरण्याएवढी.

"अख्ख्या बोळाला मिळून तेवढं आकाश आहे," नाना म्हणाले. "बोळ इथं पूर्वेकडं वळतो, म्हणून संकष्टीचा चंद्र फक्त या गॅलरीतून दिसतो. सगळ्या बायका ताटं घेऊन इथं येतात. दिवसभर उपाशी असतात हो त्या. त्यांना तारेनं कापलेला चंद्र दाखवू? केबलवाल्यानं टाकली होती तार. मी काढायला लावली."

"नाना, तार एवढीशी असते," गफूरभाईंनी करंगळीचं टोक दाखवलं. "चंद्राला लागत नाही."

"तुम्हाला लागत नसेल," नाना म्हणाले आणि सुपारी कातरू लागले.

तासभर आम्ही समजूत घातली. नाना हलले नाहीत. उलट मधे उठून त्यांनी आम्हाला पन्हं दिलं, म्हणजे रागही धरता येईना. शेवटी मी खाली जाऊन वर्षाला सांगितलं. तिच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. "सोड नाद, वर्षा. वैद्यांच्या घरात ब्रह्मदेवाचं कुणी ऐकलेलं नाही."

वर्षा पायात चप्पल सरकवून आमच्याबरोबर नानांकडं आली. मला वाटलं, आता रडणार. पण ती गॅलरीत उभी राहून आधी बराच वेळ वर बघत राहिली.

"नाना, मीपण संकष्टी करते. तुमचं बरोबर आहे. इथं तार नको."

नानांचा अडकित्ता थांबला.

"मग तुम्हीच सांगा," ती म्हणाली, "या बोळात आकाश नाही अशी जागा कुठं आहे? तिथून नेऊ."

नाना म्हणजे आयुष्यभर गॅलरीत बसलेला माणूस. त्याला विचारायला हाच प्रश्न हवा होता आणि तो आजवर कुणी विचारला नव्हता. ते उठून कठड्याला रेलले आणि बोळ पुढं जिथं पुन्हा वळतो तिकडं बोट केलं. "तिथं. वळणावर आमची आणि तुमची छपरं एकमेकांवर चढलीत. खाली दोन खिडक्या समोरासमोर आहेत. तुझी आई तिथून वाटीनं आमटी द्यायची. तुमच्याकडची खिडकी नंतर पत्र्यानं बंद झाली." मग त्यांचा आवाज खाली आला. "पण ती जागा माझ्या हातात नाही. ते अण्णांचं स्वयंपाकघर."

अण्णा म्हणजे नानांचे थोरले भाऊ. घर एकच, पण वाटण्या झाल्या तेव्हा मधे लाकडी फळ्यांची भिंत पडली. जिना अण्णांकडं गेला, गॅलरी नानांकडं आली. नानांनी स्वतःसाठी लोखंडी शिडीसारखा वेगळा जिना करून घेतला आणि त्या दिवसापासून भावांचं बोलणं बंद. आम्ही वायर घेऊन गेलो तेव्हा त्याला बारा वर्षं झाली होती. अण्णांची बायको, शकुंतलावहिनी, संकष्टीला सगळ्या बायकांबरोबर नानांच्या गॅलरीत येत. नाना तेवढा वेळ आतल्या खोलीत जाऊन बसत.

"चला," नाना म्हणाले. बंडीवर सदरा चढवला, केस विंचरले. एका भिंतीपलीकडं जायचं होतं, पण माणूस परगावी निघाल्यासारखा दिसत होता.

अण्णांचं दार उघडंच होतं. ते आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. आत वर्षा, गफूरभाई आणि मी, नाना उंबऱ्याबाहेर.

"कोण आलंय हो?" आतून वहिनींनी विचारलं.

"टेलिफोनची माणसं आहेत," अण्णा वर्तमानपत्रामागून म्हणाले. "कुलकर्ण्यांची मुलगी आहे. आणि एक गृहस्थ बाहेर उभे आहेत. ओळख नाही."

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. नानांना पाहून जागच्या जागी थांबल्या.

"वहिनी," नाना म्हणाले, "घरमालकांना सांगा, या मुलीची नोकरी अडली आहे. माझ्या घरातून तार फळीतून तुमच्याकडं येईल आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्याकडं जाईल. यात माझं काही काम नाही."

"त्या गृहस्थांना सांगा," अण्णांनी पान उलटलं, "की त्या बाजूनं काही या बाजूला येणार नाही असं बारा वर्षांपूर्वी त्यांनीच ठरवलं होतं."

"त्यांना सांगा, आवाज येऊ नये असं ठरलं होतं. तारेला आवाज नसतो."

"टेलिफोनच्या तारेला?" अण्णांनी पहिल्यांदा वर्तमानपत्र खाली केलं.

वर्षा फिस्सकन हसली. तिनं तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. मग वहिनींचा बांध फुटला. त्या इतक्या हसल्या की त्यांना दाराला धरावं लागलं. हसता हसता म्हणाल्या, "अहो, सोमवारी त्या पोरीची नोकरी जाईल आणि तुम्ही शब्द मोजताय! या हो टेलिफोनवाले, या आत. भावोजी, तुम्हीपण. चप्पल बाहेर काढा."

अण्णा काही बोलले नाहीत. त्या घरात न बोलणं म्हणजे होकार, हे मला गफूरभाईंच्या चेहऱ्यावरून समजलं.

शनिवारी सकाळी काम सुरू झालं. गफूरभाई बाहेर शिडीवर, नानांच्या गॅलरीखालून वायर सोडायला. मी अण्णांच्या स्वयंपाकघरात, खिडकीशी. मधे वरच्या खोलीतली फळ्यांची भिंत. तिला एक भोक पाडलं. आता वायर त्या भोकातून एका बाजूनं सरकवायची आणि दुसऱ्या बाजूनं ओढून जिन्यातून खाली माझ्याकडं सोडायची. खरं तर मी वर जाऊन ओढू शकलो असतो. पण शिडीवर चढायच्या आधीच गफूरभाईंनी मला डोळ्यानं दटावलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "आम्ही दोघंच आहोत साहेब. मधल्या खोलीत कुणीतरी हात लावायला पाहिजे. दोन्ही बाजूंना."

नाना आपल्या बाजूला उभे राहिले. थोड्या वेळानं वरच्या फळ्या करकरल्या. अण्णाही गेले होते. मी खालून ऐकत होतो. आधी नुसती वायर सरकल्याचा आवाज. मग अडकली. कुणीच बोलेना. इकडून ओढलं जातंय, तिकडून सोडलं जातंय, पण एकाच वेळी नाही. बराच वेळ ही मूक कुस्ती चालली.

"सोड की जरा!" अण्णांचा आवाज.

"सोडलंय! तू ओढ ना!"

"ओढतोय रे. गाठ पडलीय तुझ्या बाजूला."

"माझ्या बाजूला काही नाही. तूच नेहमी हिसके मारतोस. पतंगाच्या वेळीपण तसंच!"

"पतंग तू कापून घेतलास!"

"मी? मांजा कुणाच्या हातात होता?"

स्वयंपाकघरात वहिनी पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं. पोळी तव्यावर करपू लागली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि तोंडावर हसू होतं. वर दोन म्हातारे पतंगावरून कडाकडा भांडत होते. दरम्यान वायर केव्हाच सुटून माझ्या हातात आली होती. मी ती तशीच धरून बसलो. वर कुणाला सांगायची मला घाई नव्हती.

समोरच्या घरात वर्षाच्या वडिलांनी पत्र्याचे खिळे काढले. पत्रा खाली आला, धूळ उडाली आणि अडगळीच्या त्या खोलीतून वर्षाचा हात बाहेर आला. मी माझा हात बाहेर काढला. बोटाला बोट लागलं, एवढंच काय ते अंतर. तार पलीकडं गेली. आकाशाला कुठंही धक्का लागला नाही.

दुपारी फोनला डायलटोन आला. वहिनी खिडकीतून हात लांबवून म्हणाल्या, "बघू, मलाही ऐकू दे." रिसीव्हर कानाला लावून मला विचारतात, "हे कोण गुणगुणतंय?" पुढं वर्षानं कॉम्प्युटर जोडून इंटरनेट लावलं, तेव्हा मशीनमधून जी किंकाळी निघाली तिनं अण्णा धावत खिडकीत आले. "काय झालं? कुणाला चिमटलं?" वर्षानं सांगितलं, अमेरिका लागतेय. "मग बरोबर आहे," अण्णा म्हणाले.

सोमवारी वर्षाचं काम सुरू झालं. वर्षभरात तिनं बोळातल्या दोघी मुलींना शिकवून तयार केलं. वहिनी संध्याकाळी खिडकीतून तिला खायला देत आणि जाता जाता आज अमेरिकेत कुणाचं काय दुखलं म्हणून चौकशी करत. पुढं ती हिंजवडीच्या एका कंपनीत मोठ्या जागेवर गेली. तिच्या लग्नाला गफूरभाई आणि मी मानाच्या पंगतीत बसलो होतो.

आता वाकड्या बोळाचं तोंड रुंद झालंय. दोन-तीन घरं पडून तिथं लिफ्टच्या इमारती आल्या, खाली गाड्या. झालं ते वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. आजारी माणसाला खुर्चीत बसवून उचलून बोळाबाहेर आणताना मी हात लावलेला आहे. रुग्णवाहिका आत यायला हवी, यात वाद नाही. पण त्या रस्त्यांवरून चालताना माणूस दर दहा पावलांना कुणाला तरी "जरा सरकता का?" म्हणायचा आणि सरकणारा "कुठं निघालात?" विचारायचा. आज मी हडपसरला उसाच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत राहतो. रस्ता पूर्वीसारखाच सरळ आहे. समोरून येणाऱ्याला सरकावं लागत नाही, त्यामुळं तो विचारतही नाही.

वैद्य बंधूंचं मात्र सांगायचं राहिलं.

वर्षाच्या तारेनंतर पुढच्याच वर्षी दोघा भावांनी मिळून एक फोन घेतला. दोन वेगळे घ्या म्हटलं, तर अण्णा म्हणाले, "बोलायला माणसं तीच. दोन फोन कशाला?" पण फोन ठेवायचा कुणाकडं यावरून दोन दिवस वाद चालला. शेवटी वहिनींनी सुतार बोलावला आणि मधल्या भिंतीतली एक अख्खी फळी काढून तिथं देवळी करायला लावली. फोन त्या देवळीत. इकडूनही हात पोचतो, तिकडूनही.

जोडणी मीच केली. एक्स्चेंजमधल्या माणसाला सांगितलं, एकदा घंटी देऊन बघ. घंटी खणखणली. इकडून अण्णा आले, तिकडून नाना. दोघांनी एकदमच हात पुढं केले आणि एकदमच मागं घेतले.

"घे तू," अण्णा म्हणाले.

"तू घे. तू मोठा आहेस."

"अरे, तुला जवळ आहे. घे."

"असं कसं? पहिला फोन आहे. तूच घे."

घंटी वाजून वाजून थांबली. खालून वहिनींचा आवाज आला, "ठेवला त्यानं! आता बसा दोघं वाट बघत."

अण्णांनी इकडं खुर्ची ओढली, नानांनी तिकडं स्टूल. देवळीच्या दोन बाजूंना दोघं बसले, मधे काळा फोन. नानांनी अडकित्ता काढला, सुपारी कातरली आणि अर्धी देवळीतून पलीकडं सरकवली.

घंटी पुन्हा द्यायची, तर एक्स्चेंजला माझा निरोप जायला हवा होता. मी खाली बोळात आलो आणि वहिनींनी दिलेला चहा ओट्यावर बसून सावकाश प्यायलो.